दाखल्यावरची मंजुषा

"नऊ वर्षं मी ह्या पाण्याचा चहा करतेय, आणि ह्यात काय असतं ते मला ठाऊक नाही."

कुमुद निमकर हे बोलली तेव्हा एकोणीसशे अठ्ठ्याण्णवचा जून चालू होता. शारजातल्या रोला भागात, चौथ्या मजल्यावरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, सकाळी साडेसातला थंड पाण्याचा नळ सोडला तरी गच्चीवरच्या टाकीतले तापलेले पाणीच यायचे. कुमुदच्या हातात चहाचे भांडे होते. भांड्याच्या आतल्या अंगाला, जिथवर पाणी चढते तिथवर, चुन्यासारखे पांढरे कडे धरले होते, आणि ती ते नखाने खरवडून पाहत होती.

तिचा नवरा भानुदास दाराशी बसून बूट घालत होता. त्याला वाटले, फिल्टर हवा आहे.

"घेऊ की," तो म्हणाला. "चारशे दिराम पडतील. म्हणजे साडेचार हजार. पगार झाला की घेऊ."

"फिल्टर नकोय मला."

"मग?"

"काय असतं ते कळायला हवंय."

भानुदासने दुसऱ्या बुटाची नाडी बांधली, 'बरं' म्हटले आणि तो कामाला गेला. पुढे कितीतरी दिवसांनी त्याच्या ध्यानात आले की त्या सकाळी कुमुदने त्याच्याकडे काहीतरी मागितले होते आणि त्याने ते न ऐकताच मंजूर केले होते.

भानुदास मूळचा डोंबिवलीचा. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एका बांधकाम कंपनीचे गोदाम तो सांभाळायचा. सिमेंट, सळ्या, केबलची रिळे, खिळे. आत आलेली वस्तू कागदावर चढायची, बाहेर गेलेली कागदावरून उतरायची. कागदावर नाही ती वस्तू गोदामात नाही, असा त्याचा शिरस्ता होता आणि त्या शिरस्त्याने त्याला परमुलखात टिकवले होते. कुमुद मिरजेची. बारावी सायन्स चांगल्या गुणांनी पास झाली आणि एकोणिसाव्या वर्षी तिचे लग्न झाले. एकोणनव्वद साली चार वर्षांच्या रुचाचा हात धरून ती शारजाच्या विमानतळावर उतरली, आणि तेव्हापासून चौथ्या मजल्यावर राहिली. असे म्हणणे थोडे अन्यायाचे होईल. ती बाजारात जायची, शुक्रवारी नवऱ्यासोबत समुद्राकाठी जायची, कुणाच्या घरी दीड दिवसाचा गणपती असला की मोदक वळायला जायची. पण आयुष्याचा मोठा भाग बंद खिडक्यांच्या आत, एसीच्या घरघरीत गेला. खिडकीतून दिसणारा रस्ता आवाज नसलेल्या टीव्हीसारखा होता.

इमारतीतल्या बायकांचे केस गळायचे. दुपारी जिन्यात उभ्या राहून त्या त्यावर बोलायच्या. कुणी म्हणायची पाण्यात क्लोरीन जास्त आहे, कुणी म्हणायची समुद्राचे पाणी गोडे करताना मीठ मागे राहते, कुणी पाइपांना दोष द्यायची. प्रत्येकीपाशी एक कारण होते, पुरावा एकीपाशीही नव्हता. कुमुदला ह्या बोलण्याचा राग यायचा.

"मोजता येत असेलच ना काहीतरी," ती घरात येऊन म्हणायची.

"माझेही मोज मग," टकलावरून हात फिरवत भानुदास म्हणायचा. "माझे किती गेले ते."

"तुमचे डोंबिवलीतच गेले होते. पाण्यावर आळ घेऊ नका."

ऑगस्टमध्ये तिने वर्तमानपत्रातली एक जाहिरात कापून फ्रिजवर लावली. अल कुसैसला, दुबईत पण शारजाच्या हद्दीला खेटूनच, दोन वर्षांचे एक कॉलेज होते. दुपारी फक्त बायकांचे वर्ग भरायचे. प्रत्येक विषयाला ठरावीक क्रेडिट असत. दोन वर्षांत साठ क्रेडिट जमवायचे आणि ते घेऊन चार वर्षांच्या विद्यापीठात सरळ तिसऱ्या वर्षाला जायचे. अमेरिकेत म्हणे अशी पद्धत असते.

"म्हणजे अर्धं इथे आणि अर्धं तिथे," भानुदास म्हणाला.

"सगळं एकदम कोण देतंय मला?"

कुमुद त्याच्या व्हिसावर राहत होती, म्हणून कॉलेजला त्याचे पत्र हवे होते. ते त्याने ऑफिसच्या कॉम्प्युटरवर स्वतः टाइप केले. 'माझी पत्नी कुमुद भानुदास निमकर हिने शिकण्यास माझी हरकत नाही.' खाली सही, टेलिफोन नंबर, पासपोर्टची प्रत. टाइप करताना त्याला बरे वाटले. हरकत नसणे किती सोपे असते, असे त्याच्या मनात येऊन गेले.

त्यानंतरची दोन वर्षे भानुदासला नीट आठवत नाहीत. ज्या काळात घर सुरळीत चालते तो काळ आठवत नाही. कुमुद पहाटे उठून डबे करायची आणि सात वाजेपर्यंत टेबलाशी वही घेऊन बसायची. साडेबाराला कॉलेजची व्हॅन खाली यायची. तो दुपारी जेवायला घरी आला की झाकलेले ताट असायचे आणि घरात कुणी नसायचे. पहिला महिना त्याला ते खुपले. मग त्याला त्या शांततेची सवय झाली, आणि मग थोडी गोडीही लागली. तो खिचडी शिकला. रुचा आईला कॅल्क्युलस समजावायची आणि वैतागून म्हणायची, "आई, यू आर ओव्हरथिंकिंग इट." संध्याकाळी कुमुद परत आली की तिच्या ओढणीला कसलातरी औषधी वास असायचा. कॉलेज म्हणजे एक जुना बंगला होता, त्याच्या स्वयंपाकघराची प्रयोगशाळा केली होती, हे तिने एकदा सांगितले होते. "ओट्यासमोरच उभी असते," ती म्हणाली होती, "फक्त कुणाला वाढायचं नसतं." भानुदास हसला होता. परीक्षांचे निकाल तिच्या हाती मिळायचे. ती 'बरे आले' म्हणायची, आणि कागद पाहायला मागावा असे ह्या कागदाच्या माणसाला कधी वाटले नाही.

दोन हजार सालच्या जूनमध्ये साठ क्रेडिट पुरे झाले. शारजातल्या एका विद्यापीठाने साठातले अठ्ठेचाळीस मान्य केले आणि तिला रसायनशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला घ्यायचे कबूल केले. मूळ कागद तपासून घ्यायचे तेवढे राहिले होते. मुदत तीस ऑगस्ट, बुधवार. त्यापुढच्या शनिवारी वर्ग सुरू होणार होते.

एकोणीस ऑगस्टला भानुदास तिला गाडीने कुसैसला घेऊन गेला. सुट्टी चालू असल्याने व्हॅन बंद होती, आणि विद्यापीठाने कागदांबद्दल काही शंका काढल्याचा फोन आला होता. दोन वर्षांत तो पहिल्यांदाच त्या बंगल्यात पाऊल टाकत होता. दिवाणखान्याचे ऑफिस केले होते. काउंटरमागे एक पन्नाशीची बाई फायलींच्या ढिगात बसली होती. ती अन्वरी. दापोलीकडची. कॉलेजच्या प्रवेशाचे सगळे काम तीच बघायची.

"मंजुषा!" अन्वरीने हाक मारली. "ये गो, तुझेच कागद काढीत होत्ये."

भानुदासने मागे वळून पाहिले. दारात कुणीच नव्हते.

"आले," कुमुद म्हणाली आणि काउंटरशी गेली.

"आणि हे भावोजी ना? दोन वर्षांत दर्शन नाय दिलंत. हिनं प्रयोगशाळेत सरांना कसं गप्प केलं ते तरी सांगितलं का? सरांनी फळ्यावर पाण्याच्या क्षारांचा आकडा लिहिला. मंजुषा उठून म्हणते, सर, चुकला. सर म्हणे, माझा? ही म्हणते, तुमचाच, मी तीनदा करून बघितलंय. आणि खरंच चुकला होता की! मंजुषा बोलायला लागली की दुसरीला जागा नाय मिळत."

भानुदास हसल्यासारखे करून उभा राहिला. वर्गात उठून बोलणारी ही बाई त्याने पाहिलेली नव्हती. घरात कुमुद बोलायची ती मोजके, बहुतेक वेळा पाठमोरी.

मग अन्वरीने मुद्दा काढला. कॉलेजच्या रजिस्टरात नाव घालायचे ते बारावीच्या दाखल्यावरून, असा नियम होता. दाखला होता मंजुषा दत्तात्रय खांडके हिचा. म्हणून गुणपत्रिकाही तिची, साठ क्रेडिटही तिचे. विद्यापीठ चालणार पासपोर्टवर. पासपोर्ट कुमुद भानुदास निमकरचा.

"आडनाव बदलतं ते त्यांना म्हायत्ये," अन्वरी म्हणाली. "इंग्लिश बायकांचं बदलतंच. पण बाईचं सबंध नावच बदललं, हे काय त्यांच्या डोक्यात शिरत नाय. त्यांच्या लेखी ह्या दोन बायका आहेत. एक शिकली, दुसरीचा व्हिसा आहे."

"मग करायचं काय?" भानुदासने विचारले.

"तुम्ही ॲफिडेव्हिट करून द्यायचं. दोघी एकच म्हणून. कॉन्सुलेटचा शिक्का घ्यायचा आणि तीस तारखेच्या आत नेऊन द्यायचं."

"नाही जमलं तर?"

"तर पुढचं साल. आणि पुढच्या साली क्रेडिट परत पहिल्यापासून मोजणार. नियम बदलतायत असं ऐकत्ये. अठ्ठेचाळीसचे वीस पण राहतील, कुणी सांगावं? दोन वर्षं खलास." तिने कुमुदकडे पाहिले. "इन्शाल्ला, असं नाय व्हायचं."

परतताना शारजाच्या हद्दीवर नेहमीसारखी वाहने तुंबली होती. उन्हात सगळ्या गाड्यांच्या टपांवरून हवा थरथरत होती. भानुदासने बराच वेळ पुढच्या ट्रकचा नंबर वाचला.

"दोन वर्षं तुला तिथे मंजुषा म्हणतात," शेवटी तो म्हणाला.

"हो."

"आणि मी पत्र कुमुदच्या नावानं दिलं."

"तेही लावलंय फायलीला. अन्वरीनं विचारलं, नियम दाखल्याचा आहे, पण तुला हवं तर पासपोर्टवरचं घालते, कुठलं लिहू? मी म्हटलं, दाखल्यावरचं लिहा."

"का पण?"

कुमुदने जरा विचार केला. "शिक्षण मंजुषाचं राहिलं होतं. कुमुद कुठे शाळेत गेली होती?"

ट्रक हातभर सरकला. भानुदासने गाडी हातभर सरकवली.

"शिवाय," ती म्हणाली, "कुमुद हे तुम्ही इतकी वर्षं मनात जपून ठेवलेलं नाव. घरातलं. ते तिथे हजेरीत कशाला न्यायचं, असंही वाटलं."

भानुदासने पुन्हा ट्रकच्या नंबरकडे पाहिले.

लग्नानंतर पंधरा दिवसांनी, माथेरानला, त्यानेच तिला ते सांगितले होते. की कुमुद म्हणजे रात्री चांदण्यात उमलणारे पांढरे कमळ. की कॉलेजात असल्यापासून त्याने ठरवून ठेवले होते, बायको येईल तिला हेच नाव द्यायचे. ते ऐकताना तिचा चेहरा बदलला होता. मिरजेहून तोडून आणलेली एक मुलगी त्या क्षणी थोडी त्याची झाली होती. म्हणून त्याने ते पुन्हा एकदोनदा सांगितले, पाहुण्यांसमोरही सांगितले. सांगता सांगता त्यालाही ते खरे वाटू लागले होते.

खरे होते ते असे. कार्यालयात तांदळाचे ताट पुढे आले, भटजींनी त्याच्या हातात अंगठी दिली आणि मुलीचे नवे नाव लिहायला सांगितले. त्याने नावाचा विचारच केला नव्हता. तो अंगठी धरून बसून राहिला. मागे जेवणाची पंगत मांडून तयार होती. स्वयंपाकघराच्या बाजूने कुणीतरी कुणा वाढपिणीला ओरडून सांगत होते, "कुमुद, वरणाची बादली आण!" मनोरमाआत्या त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "अरे, हेच लिही. चांगलंय. पंगत खोळंबलीय." त्याने लिहिले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुलगी खाली मान घालून ताटातली अक्षरे वाचत होती. आत्या जाऊन आता सहा वर्षे झाली होती. ही गोष्ट ठाऊक असलेला दुसरा माणूस जगात उरला नव्हता.

कुसैसहून परतल्यावर, त्या रात्री जेवताना रुचाला हा प्रकार कळला. ती पंधरा वर्षांची होती.

"वेट. आई हॅज अनदर नेम? दॅट्स सो कूल!"

"कूल काय त्यात?" भानुदास म्हणाला.

"बाबा, डू यू हॅव वन?"

"नाही."

"ओह," रुचा म्हणाली आणि आमटी घेतली.

अठ्ठावीस तारखेला, सोमवारी, भानुदासने रजा टाकली आणि दोघे बर दुबईला गेले. कॉन्सुलेटच्या आसपास टायपिंग सेंटरांची रांगच होती. एकात एक केरळी टायपिस्ट होता. त्याने चार प्रश्न विचारले, दोन मिनिटांत कागद बाहेर काढला आणि दोन फुल्या मारून दिल्या: एक नवऱ्याच्या सहीची, एक बायकोच्या.

भानुदासने सही केली. कुमुद कागद वाचत बसली.

"मॅडम, साइन," टायपिस्ट म्हणाला.

"हे काय आहे?" तिने कागद भानुदाससमोर धरून एका ओळीवर बोट ठेवले. तिसऱ्या परिच्छेदात लिहिले होते की विवाहानंतर मी माझे पूर्वीचे नाव कायमचे सोडून दिले आहे आणि यापुढे ते कोणत्याही कामासाठी वापरणार नाही.

"ते असतंच," भानुदास म्हणाला. "फॉरमॅट आहे. सगळ्यांचं हेच असतं."

"सगळ्यांनी सोडलं असेल. मी नाही सोडलं."

"साब," टायपिस्ट म्हणाला, "बीस साल से यही टाइप करता हूं. कोई झगडा नहीं करता. यल्ला, जल्दी, पीछे लोग खडे हैं."

"कुमुद, दोन दिवस राहिलेत. सही केलीस की अठ्ठेचाळीस क्रेडिट मिळतात."

"कुणाला?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "जिला टाकून दिली म्हणून मी लिहून देणार, तिनेच मिळवलेत ते. खोट्यावर सही करून मी तिथे जाऊन बसू?"

"आणि पुढचं साल गेलं तर?"

"तर गेलं."

हे म्हणताना तिचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट गुंतले होते. ते पाहून भानुदासला कळले की पुढचे साल गेले तर ते तिला सोसणार नाही. ती छत्तीस वर्षांची होती. पुन्हा फ्रिजवर जाहिरात लावणार नव्हती ती. आणि तरीही ती सही करणार नव्हती.

तो कागद घेऊन बाहेर आला. फुटपाथवर ऊन नुसते उभे होते. गोदामात रोज कुणी ना कुणी येऊन म्हणायचा, माल नाही आला तरी पोच लिहून द्या, फॉरमॅट तर आहे. अशी पोच त्याने जन्मात दिली नव्हती. नोकरी जायची वेळ आली होती तेव्हाही नाही. आत बसलेली बाई गोदामात कधी आली नव्हती, आणि ती त्याचाच शिरस्ता त्याला दाखवत होती.

त्याने तो कागद चार ठिकाणी फाडला. आत जाऊन कोरा कागद मागितला, भिंतीशी लावलेल्या फळीवर तो ठेवला, आणि आपल्या इंग्रजीत, गोदामाच्या पावत्या लिहायच्या त्या सुट्या अक्षरांत लिहिले: 'मी भानुदास निमकर लिहून देतो की अमुक तारखेला आमच्या लग्नात मंजुषा दत्तात्रय खांडके हिला आमच्या चालीप्रमाणे मी कुमुद हे नाव दिले. ती आणि ही एकच व्यक्ती आहे. दोन्ही नावे तिची आहेत. तिने एकही सोडलेले नाही.'

कुमुदने ते वाचले. "चालेल हे?" तिने विचारले.

"माहीत नाही," भानुदास म्हणाला. फॉरमॅटबाहेरचे काही त्याने पहिल्यांदाच लिहिले होते.

तिने सही केली. आधी एका नावाची, मग त्याखाली दुसऱ्या नावाची.

कॉन्सुलेटच्या खिडकीतल्या माणसाने कागद उलटसुलट करून पाहिला. "हा फॉरमॅट नाही."

"कल्पना आहे."

"आम्ही फक्त सह्या खऱ्या आहेत एवढं सांगतो. मजकुराची जबाबदारी तुमची."

"माझीच आहे," भानुदास म्हणाला. शिक्का बसला.

बुधवारी, शेवटच्या दिवशी, ते विद्यापीठात पोचले तेव्हा अकरा वाजले होते. प्रवेशाच्या ऑफिसमध्ये पोरींची, बापांची, भावांची गर्दी होती. त्यांचा कागद काउंटरवरच्या मुलीला कळेना. तिने तो आतल्या खोलीत नेला आणि थोड्या वेळाने दोघांना आत बोलावले.

आत शहरबानू बसली होती. प्रवेशविभागाची प्रमुख. साठीची इराणी बाई. जन्म दुबईतला, त्यामुळे हिंदुस्थानी व्यापाऱ्यांच्या शेजारात शिकलेली हिंदी ती सफाईने बोलायची. डोक्यावर काळा रुमाल, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. तिने गुणपत्रिका पाहिली, पासपोर्ट पाहिला, बारावीच्या दाखल्यावरचे शिक्के बोटाने चाचपले. मग भानुदासचा कागद उचलून दोनदा वाचला.

"यह नाम आपने दिया?"

"जी."

"हमारे यहां औरत बाप का नाम तक नहीं छोडती. मरने के बाद पत्थर पर भी वही लिखते हैं." ती रागावलेली नव्हती. तिला खरेच नवल वाटत होते. "और आपने पूरी औरत का नाम बदल दिया. क्यों? पहले नाम में क्या खराबी थी?"

"कुछ नहीं. रिवाज है."

"रिवाज है, समझ गई. मगर फाइल में मुझे वजह लिखनी है. कल कोई पूछेगा, शहरबानू, तुमने दो औरतों को एक कैसे कर दिया? यही नाम क्यों? आप सोच के बताइए."

तिने पेन उघडले. कुमुद बाजूच्या खुर्चीवर बसली होती. तिने भानुदासकडे मान वळवली, आणि तिच्या चेहऱ्यावर तेच आले जे माथेरानला आले होते. तिला उत्तर ठाऊक होते. ती ते त्याच्या तोंडून परक्या माणसासमोर ऐकायला थांबली होती.

पांढरे कमळ भानुदासच्या जिभेवर आले. सोपे होते, सुंदर होते, आणि त्याने कुणाचेच काही बिघडणार नव्हते. शहरबानू ते लिहून घेईल, कदाचित हसेल, वाहवा म्हणेल. शिक्का बसेल. संध्याकाळी ते पेढे घेऊन घरी जातील.

त्याची नजर टेबलावरच्या कागदावर गेली. सुटी सुटी अक्षरे, आणि खाली तिच्या दोन सह्या.

"कोई वजह नहीं थी," तो म्हणाला. मग त्याने सगळे सांगितले. तुटक हिंदीत, मध्येच मराठीत घसरत. ताट, अंगठी, आपण नावाचा विचारच केला नव्हता ते, खोळंबलेली पंगत. कुणीतरी कुणाला तरी वरण आणायला सांगत होते ते. "जो नाम कान पे पडा, वही लिख दिया. इससे पूछा नहीं था. बाद में मैंने इसको दूसरी बात बताई. वो झूठ थी."

बाहेर कुणीतरी एका मुलीचे नाव पुकारत होते, आणि ती सापडत नव्हती.

शहरबानूने चष्म्यावरून आधी त्याच्याकडे पाहिले, मग कुमुदकडे. कुमुद समोरच्या भिंतीकडे पाहत होती. तिचा चेहरा शांत होता. एखादा आकडा तीनदा काढून पाहिल्यावर शेवटी जुळावा, किंवा जुळत नाही एवढे तरी नक्की कळावे, तसा.

"ठीक है," शहरबानू म्हणाली. तिने फायलीत एक ओळ लिहिली. "झूठ लिखवाते तो मुझे पता भी नहीं चलता." तिने कागदांवर एकामागून एक शिक्के मारले. "कार्ड पर पासपोर्ट का नाम रहेगा, वह कानून है. मंजुषा के अडतालीस क्रेडिट आज से इसके खाते में. डिग्री पर दोनों नाम छपवाने हों तो बाद में अर्जी दे देना." तिने एक गुलाबी चिठ्ठी फाडून कुमुदपुढे धरली. "लॅब की सीटें बारा बजे तक बंटती हैं. पीछे वाली इमारत, पहला माला. जल्दी जाओ, बेटी."

कुमुदने चिठ्ठी घेतली. त्यावरचा वर्गाचा नंबर वाचला, तारीख वाचली. टेबलावरचे आपले कागद गोळा केले: दाखला, गुणपत्रिका, पासपोर्ट. एकेक करून फायलीत सरळ लावले.

"कुमुद," भानुदास म्हणाला. मग ते नाव तोंडातून निघून गेल्यावर तो थांबला. दुसरे घ्यावे की नाही हे त्याला कळेना. "मी थांबतो खाली. गाडीपाशी."

तिने त्याच्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता, आणि मायाही नव्हती. घाईत असलेला माणूस घड्याळ पाहतो तसे ते होते. बारा वाजायला वीस मिनिटे कमी होती. ती उठली, खुर्ची आत सारली, शहरबानूला मानेनेच नमस्कार केला, आणि दार उघडून बाहेर गेली.